सातबाऱ्यावर माझं नाव आहे, असं मी म्हणाले

आमच्या कॉलेजात स्त्री अभ्यास केंद्र सुरू झालं ते मूल्यांकन समिती येणार होती म्हणून. प्राचार्यांनी मला बोलावून घेतलं आणि म्हणाले, "मॅडम, आपल्याकडे मुलांपेक्षा मुली जास्त, और महिलाओं का एक सेंटर नहीं. अच्छा नहीं दिखता. तुम्ही समाजशास्त्रवाल्या आहात, तुम्हीच बघा." खेळाच्या विभागाची जाळी आणि फाटक्या चटया ठेवायची एक खोली होती, ती रिकामी करून घेतली. दारावर फलक लागला. मी समन्वयक झाले.

मी तेव्हा तासिका तत्त्वावर शिकवत होते, अजूनही तशीच शिकवते. दर वर्षी जूनमध्ये नव्याने अर्ज करायचा, मुलाखतीला बसायचं आणि मागल्या वर्षीच्याच खुर्चीत परत जाऊन बसायचं. घर गोंदियाला लागून मुर्रीला. कॉलेज देवरीकडे जाणाऱ्या रस्त्यावर. सकाळी गोंदियाच्या स्टँडवरून बस पकडायची, दुपारी परत. नवऱ्याचं शहरात मोटर रिवायंडिंगचं दुकान. सासूबाई घरी. असं सगळं बांधलेलं, ठरलेलं आयुष्य होतं आणि त्यात हे केंद्र म्हणजे मला थोडीशी मोकळी जागा वाटत होती.

केंद्रात आम्ही सहा महिन्यांचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम सुरू केला. तास शनिवारी दुपारी. मुली आल्या, त्यातल्या काही प्रमाणपत्रासाठी आणि काही घरी जायला एक बस उशिराची मिळते म्हणून. मला दोन्ही कारणं पटत होती. पुस्तकातली प्रकरणं वाचून दाखवली की त्यांचे डोळे जड व्हायचे. मग मी त्यांना एक काम दिलं. म्हटलं, प्रत्येकीने आपल्या घरचा सातबारा आणायचा. मोबाइलवर बघा, नाहीतर तलाठ्याकडून आणा. त्यावर किती बायांची नावं आहेत, ती कोण, आणि त्यांची नावं कशी लागली, हे लिहून आणायचं.

पुढच्या शनिवारी खोली भरली होती. मुली घोळक्याने एकमेकींचे कागद बघत होत्या. बहुतेक उताऱ्यांवर एकाही बाईचं नाव नव्हतं. जिथे होतं तिथे ती विधवा होती. सालेकसा तालुक्यातली, कचारगडाच्या पायथ्याकडच्या गावातली एक मुलगी वनहक्काचा पट्टा घेऊन आली होती. त्यावर तिच्या आईचं आणि बापाचं दोघांचं नाव होतं. बाकीच्या मुली तो कागद हातात घेऊन पाहत राहिल्या. एवढी वर्षं शिकवून एखादा तास खरोखर घडला असं वाटावं, तसा तो तास होता.

त्या दिवशी सगळ्यांत शेवटी उठली ती मुलगी, जिच्याबद्दल मी हे लिहिते आहे.

ती बी.ए.च्या तिसऱ्या वर्षाला होती. उंच, सावळी, दुसऱ्या बाकावर भिंतीला टेकून बसणारी. प्रश्न विचारताना हात वर करायची नाही, उभीच राहायची. गाव बसने पाऊण तासावर आणि स्टॉपपासून पुढे सायकल. घरी पोवारी बोलत. माझ्या माहेरीही तीच भाषा. एकदा मी व्हरांड्यात भावाशी फोनवर बोलत होते, ते ऐकून ती हसली आणि म्हणाली, "मॅडम, तुमी आमच्यातल्याच." मग तिने माझं माहेरचं गाव विचारून घेतलं. ते तिच्या मावशीच्या गावाजवळ निघालं. तेव्हापासून ती माझ्याशी जरा मोकळी झाली होती. तिला एम.ए. करायचं होतं आणि पुढे प्राध्यापक व्हायला सेट द्यायची होती. "तुमच्यासारखी," म्हणायची. मी तिला कधी सांगितलं नाही की माझ्यासारखी म्हणजे नेमकी कशी.

तिचे वडील ती बारावीत असताना गेले होते. त्यांच्या मागे वारसांची नोंद झाली, त्यात आई, मोठा भाऊ आणि ती अशी तिघांची नावं चढली. हे तिला ठाऊकच नव्हतं. कुणी सांगितलं नव्हतं. आता कागद तिच्या हातात होता.

"मॅडम, माझं नाव आहे," ती म्हणाली. दोनदा म्हणाली. मग कागद आडवा धरून सगळ्यांना दाखवला. मुलींनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. मग मी हक्क समजावून सांगितला, बापाच्या जमिनीत मुलीचा वाटा मुलाइतकाच असतो आणि तो लग्नानं जात नाही. आणि हक्कसोडपत्र म्हणजे काय तेही सांगितलं. बहिणीला तालुक्याच्या नोंदणी ऑफिसात नेतात, एका कागदावर सही घेतात, आणि तिचं नाव निघून जातं. "बहिणीला साडीचोळी, भावाला शेती," असं मी फळ्यावर लिहिलं.

ती उभीच होती. म्हणाली, "मॅडम, तुमचं नाव आहे?"

माझे वडील माझ्या लग्नानंतर पाच वर्षांनी गेले. तेव्हा माझं एम.ए. झालेलं होतं, सेट झालेली होती, आणि वारसा हक्काचा कायदा मी दुसऱ्या एका कॉलेजात शिकवतही होते. महिन्याभरात थोरला भाऊ गाडी घेऊन दारात आला. वाटेत आम्ही वडिलांबद्दलच बोललो. तालुक्याच्या ऑफिसात त्याने पेन पुढे केलं आणि मी सही केली. अंगठा उमटवला, फोटो काढून घेतला. कुणी जबरदस्ती केली नाही. कुणी विचारलंही नाही. दुपारी वहिनीनं खीर केली, निघताना हिरवी साडी ओटीत घातली. मी ती साडी दोन-तीनदा नेसलेही.

हे सगळं वर्गात त्या क्षणी मला आठवलं. मुली माझ्याकडे पाहत होत्या. फळ्यावर माझ्याच अक्षरातलं ते वाक्य होतं.

"आहे," मी म्हणाले.

*

दिवाळीच्या सुट्टीनंतर ती आली तेव्हा बारीक झाली होती. तास संपल्यावर थांबली. म्हणाली, सुट्टीत भावानं तिला ऑफिसात चल म्हटलं. हक्कसोडपत्राचा कागद तयार होता, साक्षीदारही ठरले होते. तिला फक्त जायचं होतं. तिनं नाही म्हटलं.

"काय म्हणालीस?"

"म्हटलं, माझं नाव राहू दे. मी काही जमीन मागून नाई राहिली. वाटणी नको, काई नको. फक्त नाव राहू दे."

"मग?"

"भाऊ बोलला नाई. उठून धानाच्या बांधीवर निघून गेला. मायनंच बोललं सारं."

तिच्या भावाला मी तोवर पाहिलेलं नव्हतं. मनात त्याचं जे चित्र होतं ते सोपं होतं. ती मात्र त्याच्याबद्दल वाईट बोलत नव्हती. वडील गेले तेव्हा तो आयटीआयला होता. ते सोडून त्यानं नांगर धरला. धान निघालं की आधी हिच्या कॉलेजची फी भरायचा. सायकल त्यानं घेऊन दिली होती. पुढल्या वर्षी त्याचं लग्न ठरत होतं आणि मुलीकडच्यांनी सातबारा मागितला होता. त्यावर बहिणीचं नाव दिसलं की ते मागे सरतात, असं त्याला कुणीतरी सांगितलं होतं.

"तू बरोबर केलंस," मी म्हणाले. दुसरं काय म्हणणार होते?

त्यानंतर दर शनिवारी ती मला घरचं सांगायची. आईनं तिच्याशी बोलणं टाकलं. स्वयंपाक व्हायचा, हिचा वाटा झाकून ठेवला जायचा, पण कुणी वाढायचं नाही, ये जेव म्हणायचं नाही. घरात तिघं जण आणि तिघं वेगवेगळ्या वेळी जेवायचे. मावशीनं फोन करून सांगितलं, की अशी पोट्टी आमच्या घरात जन्मली असती तर आम्ही तिला शिकवलंच नसतं. गावात बाया विहिरीवर, पिठाच्या चक्कीवर हिला बघून बोलायच्या थांबत. हे ती सगळं हसत सांगायची. मी त्या हसण्यावर विश्वास ठेवला, कारण तसं करणं मला सोयीचं होतं. "तुमच्या घरी पण असंच झालं होतं का मॅडम?" तिनं एकदा विचारलं. "थोडं थोडं," मी म्हणाले. एका खोट्याच्या पोटात दुसरं खोटं वाढतं, ते असं.

तिनं केंद्रासाठी तिचा प्रकल्प त्याच दिवसांत लिहिला. तिच्या गावातल्या घराघरात जाऊन तिनं बायांना विचारलं होतं, तुमचं नाव कुठं आहे? रेशन कार्डावर, बचत गटाच्या वहीत, मतदार यादीत, जमिनीवर. म्हाताऱ्या बायांनी दिलेली उत्तरं तिनं जशीच्या तशी उतरवली होती. एका आजीनं सांगितलं होतं, "माहं नाव? माहं नाव तं मीच इसरली व." तो प्रकल्प वाचताना मला तिचा अभिमान वाटला आणि थोडी भीतीही वाटली. माझ्या नोकरीत एवढं चांगलं काम मी स्वतः केलेलं नव्हतं.

जानेवारीत तिचा भाऊ कॉलेजात आला.

प्राचार्यांनी मला बोलावून घेतलं. तो खुर्चीच्या टोकावर बसला होता, हातात गमछा, पायाच्या टाचा भेगाळलेल्या. मला पाहून उठला. मी तयारीनं गेले होते, पण तो ओरडला नाही.

"मॅडमजी," तो म्हणाला, "तुमी शिकवता तं शिकवा जी. आमाले आनंद आहे. मी सोताचं शिक्षण सोडलो, पण तिचं सोडू नाई देलो. मंग घर काऊन फोडून राहिले तुमी?"

"मी घर फोडत नाही. कायदा शिकवते."

"कायदा मलेई समजते. तिच्या लग्नाले कोण पायजे? बाळंतपणाले कोण पायजे? नवऱ्यानं हाकललं तं कोणाच्या दारात येइल? माह्याच ना? त्याचा कायदा आहे का तुमच्या पुस्तकात?"

प्राचार्य मध्येच म्हणाले, "देखो भाई, मॅडम का वैसा इरादा नहीं था." मग माझ्याकडे वळून, "मॅडम, विषय सिलॅबसपुरता ठेवा. घराघरात जायची काय गरज?"

तेवढ्यात ती दारात आली. कुणीतरी तिला सांगितलं असावं. भाऊ तिच्याकडे न बघता मला म्हणाला, "एक विचारू का जी? तुमी घेतली का तुमच्या भावाजवळून जमीन?"

मी तोंड उघडायच्या आत ती बोलली. "मॅडमचं नाव आहे सातबाऱ्यावर. त्यांनी नाई सोडलं. वर्गात सांगितलं आमाले."

तिच्या आवाजात इतका विश्वास होता की मला तिथल्या तिथे खाली बघावंसं वाटलं. तेव्हा मी खरं सांगू शकले असते. प्राचार्य होते, भाऊ होता, ती होती. दोन वाक्यं पुरली असती. मी टेबलावरच्या काचेखाली ठेवलेल्या सुट्ट्यांच्या यादीकडे पाहत राहिले. माझं गप्प राहणं सगळ्यांनी होकार समजून घेतलं.

भाऊ उठला. "बरं," एवढंच म्हणाला आणि गेला.

*

त्यानंतर आठवड्याभरानं ती मला बस स्टॉपवर भेटली. पाठीवर कॉलेजची बॅग होती, पण फुगलेली, कपडे भरलेली. म्हणाली, "मॅडम, परीक्षेपर्यंत तुमच्याकडे राहू का? तीन महिने. मी स्वयंपाक करीन, सारं करीन. घरी अभ्यास होऊन नाई राहिला."

मी म्हणाले, "घरी विचारते."

घरी विचारलं. सासूबाई तांदूळ निवडत होत्या. हात न थांबवता म्हणाल्या, "उद्या तिचे लोक दारात येतील. तेव्हा कोण उभं राहील? तू का तुझा नवरा?" नवरा म्हणाला, "फालतू का झंझट कायले पाहिजे? तुझी तं नोकरीपण पक्की नाही." तो खोटं बोलत नव्हता. प्राचार्यांनी सिलॅबसबद्दल जे सांगितलं होतं ते मी घरी येऊन त्याला सांगितलेलं होतंच.

दुसऱ्या दिवशी ती पुन्हा तीच बॅग घेऊन आली, तेव्हा मी तिला सांगितलं, "थोडं थांब. बघते काहीतरी."

"बरं मॅडम," ती म्हणाली. बॅग घेऊन संध्याकाळच्या बसनं परत गेली. मी काहीही बघितलं नाही. शासकीय वसतिगृहात वर्षाच्या मध्ये जागा मिळत नाही, एवढं एका फोनवर विचारून घेतलं आणि माझ्यापुरतं ते प्रकरण संपवलं.

फेब्रुवारीत एका शनिवारी ती तास सुरू व्हायच्या आधीच केंद्रात येऊन बसली होती. मी आत गेले तेव्हा उभी राहिली नाही. टेबलावर तिचा मोबाइल होता. तो तिनं माझ्याकडे सरकवला.

"हे तुमचंच गाव आहे ना मॅडम?"

पडद्यावर उतारा होता. माझ्या वडिलांचा गट नंबर. खाली माझ्या दोन्ही भावांची नावं. मावशीच्या गावात चौकशी करून तिच्या भावानं तो शोधून काढला होता. आजकाल कुणाचाही उतारा कुणालाही दिसतो, हे मीच त्यांना शिकवलं होतं.

"भावानं काल दाखवलं," ती म्हणाली. "तो काई बोलला नाई. फक्त मोबाइल माझ्या समोर ठेवला."

मी खुर्ची ओढून बसले. बाहेर व्हॉलीबॉलच्या मैदानावर मुलं ओरडत होती.

"खोटं काऊन सांगितलं?"

"लाज वाटली," मी म्हणाले. हे खरं होतं, आणि फार उशिरा होतं.

ती रडत नव्हती. तिला काहीतरी नीट मांडायचं होतं, वर्गात उत्तर देताना ती थांबायची तशी थांबली होती.

"तुमी सही केली असं सांगितलं असतं ना मॅडम, तरी मी केली नसती. मले माझं नाव पायजे होतं. पण मग मी एकटी आहो, हे मले पहिलेपासून माहीत असतं. मी तं समजून राहिली होती की एक जण तरी यातून गेलं, आन पार झालं."

मी माफ कर म्हणाले. तिनं ते ऐकलं की नाही, मला कळलं नाही. मोबाइल उचलला. जाता जाता दारात थांबून म्हणाली, "प्रकल्पाच्या फाईलवरून माझं नाव काढून टाका."

मार्चच्या सुरुवातीला तिनं सही केली. त्या दिवशी ती त्यासाठी ऑफिसात येणार आहे, हे मला तिच्या वर्गातल्या मुलीकडून सकाळी कळलं. मी दुपारचा तास सोडून बस पकडली. कशासाठी गेले, ते मला आजही नक्की सांगता येत नाही. थांबवायला गेले असं म्हणायचा मला हक्क नव्हता.

मी पोचले तेव्हा सगळं झालं होतं. ऑफिसच्या बाहेर बाकावर तिची आई बसली होती. ती आणि भाऊ आत कागद घेत होते. आईला मी पूर्वी एकदा कॉलेजच्या कार्यक्रमात भेटले होते. तिनं मला ओळखलं. सरकून जागा दिली.

"बसा जी," ती म्हणाली.

मी बसले. वाटलं होतं ती मला शिव्या देईल. ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती.

"मॅडमजी, मले सांगा," ती हळू म्हणाली, "माहीच पोरगी आहे. मले का वाटत नसल? चार महिने तिले ताट वाढलं नाई मी. माह्या गळ्याखाली घास उतरत होता का? पण पोराचं लगन मोडलं असतं. आन उद्या मी मेली तं तिले माहेर कोण? भाऊच ना? मी पण सही केली होती. माह्या मायनं पण केली. सही केली म्हनून आज माहा भाऊ भाऊबीजेले दारात येते."

"तुम्हाला तेव्हा काय वाटलं होतं?" मी विचारलं.

"वाटाचं का त्यात?" ती म्हणाली. मग समोरच्या टपरीकडे पाहत म्हणाली, "जीव लागला होता एका बांधीवर. पाण्याच्या बोडीच्या खालची होती. तिथं धानाचे पऱ्हे पहिले हिरवे होत."

ती दोघं बाहेर आली. मुलीनं मला पाहिलं. तिच्या अंगठ्यावर शाईचा डाग होता. तो ती ओढणीला पुसत होती. भावानं मला नमस्कार केला, जिंकल्यासारखा नाही, थकल्यासारखा. तिनं केला नाही. आईच्या हाताला धरून तिला उठवलं आणि ती तिघं रिक्षाकडे गेली. रिक्षात बसताना आईनं हिच्या डोक्यावरून हात फिरवला. किती महिन्यांनी, कोण जाणे.

*

तिचं लग्न त्याच उन्हाळ्यात झालं, भावाच्या लग्नाच्या आधी. स्थळ छत्तीसगडच्या बाजूचं होतं. परीक्षा देऊ देतो असं सासरच्यांनी कबूल केलं होतं. पहिल्या दोन पेपरांना ती आली, हातभर बांगड्या घालून. तिसऱ्या पेपराला तिची जागा रिकामी होती. मी पर्यवेक्षक होते, यादीत तिच्या नावापुढे गैरहजर असं मीच लिहिलं.

मूल्यांकन समिती पुढच्या वर्षी आली. केंद्राच्या खोलीला रंग दिला होता, भिंतीवर कर्तबगार स्त्रियांची चित्रं, टेबलावर काचेच्या पेटीत मुलींचे प्रकल्प. तिची फाईल सगळ्यांत वर होती. मी तिच्या नावाचं पान काढून टाकलं होतं. प्राचार्यांना ते आदल्या दिवशी दिसलं. "बिना नाम की फाईल कैसे रखेंगे?" म्हणत त्यांनी ऑफिसमधून नवं पान छापून आणवलं आणि स्वतः लावलं. मी विरोध केला, पण तो कसा, तर "सर, तिनं नको म्हटलं होतं," असं एकदा म्हणाले आणि गप्प बसले. समितीतल्या एका बाईंनी फाईल उघडून उभ्याउभ्याच चार-पाच पानं वाचली. म्हणाल्या, "उत्तम काम आहे. ही मुलगी आता काय करते?"

"लग्न झालं मॅडम," प्राचार्य म्हणाले. "खूप चांगल्या घरी दिली."

त्या बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली. अहवालात आमच्या केंद्राचं कौतुक आलं. त्या जूनमध्ये मला मुलाखतीत काही विचारलंच नाही, थेट ऑर्डर मिळाली.

सातबाऱ्याचं काम मी पुढे कुठल्याच वर्गाला दिलं नाही. प्राचार्यांनी मना केलं होतं हे एक कारण. दुसरं कारण मला माहीत आहे. पण हक्कसोडपत्राचा धडा आला की मी आधी सांगते, मी सही केली आहे. एखादी मुलगी हसते, एखादी विचारते, मग आमाले कायले सांगता? मी म्हणते, तुम्ही ठरवा, मी ठरवलं नव्हतं. हे उत्तर पुरेसं नाही, हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसतं. भावांना मी अजून काही बोललेले नाही. राखीला जाते. ते प्रेमानं वागतात. थोरला वहिनीला सांगतो, "हिला ताजी चटणी दे, हिला आवडते." मी जेवते आणि परत येते.

दोन वर्षांनी ऑक्टोबरच्या परीक्षेला ती राहिलेले पेपर द्यायला आली. मला वाटलं नव्हतं. भाऊ तिला मोटरसायकलवर घेऊन आला होता, तिच्या मांडीत वर्षाचं मूल. तीन तास तो कडुलिंबाखाली त्या मुलाला घेऊन फिरत होता, बाटलीनं पाणी पाजत होता, गमछ्यानं वारा घालत होता. मी वर्गाच्या खिडकीतून पाहत होते. ती शेवटच्या बाकावर होती. पुरवणी मागितली तेव्हा हात वर केला, उभी राहिली नाही. मी पुरवणी नेऊन दिली. तिनं वर न बघता घेतली. अक्षर तेच होतं, जरा मोठं झालेलं.

पेपर संपल्यावर मी खाली गेले. भाऊ म्हणाला, "मॅडमजी, पास होइल ना?"

"होईल."

"तिच्या सासरचे नाई म्हणत होते. मी जाऊन बोललो. आणलो." मग म्हणाला, "मी तिच्या शिक्षणाले कदी आडवा नाई गेलो. तुमी तरी हे ध्यानात ठेवा."

"मला माहीत आहे," मी म्हणाले.

ती आली. मूल तिच्याकडे झेपावलं. तिनं ते घेतलं, ओढणीत गुंडाळलं आणि मागे बसली. मी तिला विचारलं, एम.ए.चं काय? ती पहिल्यांदा माझ्याकडे बघून बोलली. राग नव्हता. एखाद्या ओळखीच्या बाईशी बोलावं तसं म्हणाली, "बघू. घरी धानाची कापणी आहे, मग उन्हाळी धान. पाहावं लागते."

निकाल लागला तेव्हा ऑनलाइन मीच आधी पाहिला. ती द्वितीय श्रेणीत पास झाली होती. समाजशास्त्राला सगळ्यांत जास्त गुण होते. फोन करू की नको, असा विचार दिवसभर केला. मग केला. मागे भांड्यांचा आवाज येत होता, कुणीतरी छत्तीसगडीत तिला हाक मारत होतं.

"तू पास झालीस," मी म्हणाले.

"हो मॅडम. माहीत झालं," ती म्हणाली. "भावानं सांगितलं सकाळीच." तिकडून पुन्हा हाक आली.

"ठेवू का?" ती म्हणाली.